व्याहीबुवांची खंडेनवमी

या विश्वात जे जे काही आहे त्याचे गट पाडता येतात आणि प्रत्येक गटाला कुठला ना कुठला रोबो विकता येतो, यावर वेदवाक्यासारखा विश्वास असलेले गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ईश्वरकृपेने ते माझे व्याही आहेत. बालपणी पाठशाळेत द्रव्य, गुण, कर्म असे पदार्थांचे वर्गीकरण मी घोकले. परंतु व्याहीबुवांच्या ‘सेगमेंट’पुढे ते सारे दर्शन थिटे वाटावे. इकडे परदेशात, नोव्हाय गावी, आमच्या घरी सत्यनारायण झाला तेव्हा तीर्थ घेता घेता ते माझ्या कानाशी लागले. “शास्त्रीबुवा, तीन सेगमेंट आहेत बघा. कथेला येणारे, आरतीला येणारे आणि थेट जेवायला येणारे. ग्रोथ आहे ती तिसऱ्यात.” त्यांची कन्या, म्हणजे माझी सून, प्रसाद वाढता वाढता म्हणाली, “बाबा, प्लीज, देवासमोर तरी मार्केट काढू नका.” “देवासमोर खरंच बोलावं ना,” असे म्हणून व्याहीबुवा शांतपणे तिसऱ्या गटात जाऊन बसले.

मला देवळात नेण्याचे काम त्यांनी आपण होऊन पत्करले आहे. मात्र त्यांच्या गाडीतून निघालेला मनुष्य आरतीला पोहोचेलच, याची शाश्वती नसते. एखादी बुटकी, बिनखिडक्यांची इमारत दिसली की गाडी मंदावते. “पूर्वी या भागात रोबो म्हणजे मोटारींचा कारखाना, बस. वेल्डिंग करा, रंग मारा, संपलं. आता बघा, हे गोदामवाले. पलीकडे सफरचंदं निवडणारे. कोपऱ्यावर हॉस्पिटलवाले. सगळे नवे.” मागून कुणी हॉर्न वाजवला तर “हा ऑटो सेगमेंट, यांना कायम घाई,” असे म्हणत ते आरशातूनच त्याला नमस्कार करतात.

स्वतः व्याहीबुवांची हयात मोटारींच्या कारखान्यात गेली. निवृत्तीच्या वयात त्यांनी लहानशी कार्यशाळा काढली आणि सगळ्यांनी नको नको म्हटलेला गट निवडला: वृद्धांची शुश्रूषागृहे. अंथरुणाशी जेवणाचा ट्रे आणून देणारे, चाकांवरचे, एका हाताचे यंत्र त्यांनी घडवले. आमच्या विहीणबाईंचे शेवटचे महिने अशाच एका गृहात गेले. तिथे माणसे थोडी होती आणि जेवण निवूनच येत असे. सगळ्या जगाचे गट पाडणारा हा माणूस त्याविषयी मात्र कधी चकार शब्द काढीत नसे.

यंत्र चांगले होते, पण घ्यायला कुणी तयार होईना. अखेर ठरले की वर्ष सरेपर्यंत मागणी आली नाही तर कार्यशाळा बंद करायची आणि व्याहीबुवांनी आमच्याकडे, माझ्याच खोलीत राहायला यायचे. मी ग्रंथ एका बाजूला सरकवून फळीचा अर्धा भाग त्यांच्यासाठी मोकळा केला. तो पाहून ते म्हणाले, “म्हणजे मी आता तुमच्या सेगमेंटात,” आणि हसले. ते हसणे मला बरे वाटले नाही.

अशात एका शुश्रूषागृहाच्या संचालिकाबाईंनी यंत्र पाहायला येण्याचे कबूल केले. व्याहीबुवांनी भिंतीवरचे इंग्रजी कॅलेंडर पाहून दिवस ठरवला, आणि तो नेमका खंडेनवमीचा निघाला. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना कामाला लावायचे नाही, हा नेम त्यांनी कधी मोडलेला नव्हता. सकाळी मी पूजेला गेलो तेव्हा पान्यांपासून यंत्रापर्यंत सर्वांना गंध लागले होते, झेंडूची माळ चढली होती, आणि घोटाळा तेव्हा कुठे सर्वांच्या ध्यानी आला होता.

“बाबा, दहा मिनिटं चालवा फक्त. नाहीतर त्या कॅन्सल करतील,” सून काकुळतीला आली. मीही म्हटले की अडचणीच्या वेळी क्षमाप्रार्थना करून नियम शिथिल करता येतो.

“तुम्ही तोडगा काढणार हे ठाऊक होतं, शास्त्रीबुवा. पण हा रोबो वर्षभर माझ्यासाठी राबतो. आजही उठवायचं असेल, तर मग ही पूजा कसली?”

बाई आल्या. माळ घातलेल्या यंत्राकडे पाहत त्यांनी विचारले, “बिघडलंय का?”

“नाही. आज त्याची सुटी आहे.”

त्या हसल्या, व्याहीबुवा हसले नाहीत. त्यांनी आधी नेम समजावून सांगितला, आणि मग, कुणी न विचारता, विहीणबाईंच्या निवलेल्या ताटाबद्दल सांगितले. लेकीनेही ते प्रथमच ऐकले असावे. बाईंनी हातावर ठेवलेला पेढा सावकाश खाल्ला. “उद्या येते. आमच्याकडे ट्रे नेणाऱ्या दोघींना घेऊन येईन. त्यांनाही सुटी सहजासहजी मिळत नाही.”

त्या येणार नाहीत, असे सून दिवसभर म्हणत राहिली. दसऱ्याला त्या आल्या. दोघींतली एक खाटेवर आडवी झाली आणि यंत्राने तिच्यापाशी ट्रे नेला; चाकात अडकलेली झेंडूची पाकळी तेवढी वाटभर कुरकुरली. हिवाळ्यापुरते म्हणून नेलेले ते यंत्र त्यांनी ठेवूनच घेतले, वर आणखी मागवली.

कार्यशाळा वाचावी म्हणून मी देवाला साकडे घातले होते, आणि देवाने ते ऐकले. तरीही ग्रंथ पुन्हा फळीभर पसरावेत, याला माझा हात धजत नाही. परवा व्याहीबुवा आले होते, त्या रिकाम्या भागाकडे पाहून म्हणाले, “ही जागा कुणाची, शास्त्रीबुवा?” मी म्हटले, “एका सेगमेंटची.” ते उठून निघाले. गेल्यावर पाहतो तर तिथे त्यांच्या चष्म्याचे घर. विसरले असतील म्हणून सुनेने फोन केला, तर पलीकडून म्हणाले, “असू दे तिथेच.”