मास्तरणीचा चेहरा

नंदुरबारला शिक्षिका तयार करण्याचा वर्ग निघाला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी सुसाना तिथे दाखल झाली. नवापूरकडची, रंगावली नदीच्या काठच्या एका लहान गावातली ही मुलगी. तिचा बाप रेंग्या भातशेती करी आणि शेतीचे दिवस संपले की लाकूडतोडीला जाई. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा सुसाना झोळीत होती, म्हणून तिला बायबलातलं नाव मिळालं. तिचा थोरला भाऊ आमश्या मात्र आमश्याच राहिला. मिशनच्या शाळेत ती फायनल पास झाली, पाद्रीसाहेबांनी शिफारस केली, आणि एक गाठोडं घेऊन ती तापी लाइनच्या गाडीने नंदुरबारला उतरली. ते एकोणीसशे सदतीस साल होतं.

वर्गातल्या बाकीच्या मुली नंदुरबार, शहादा, दोंडाईचा अशा गावांतल्या. कुणी वाण्याची, कुणी कारकुनाची, दोघी-तिघी तरुण विधवा. त्यांनी सुसानाला वाईट वागवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. वसतिगृहात तिची चटई त्यांनी दाराजवळ टाकायला लावली खरी, पण तिथे वारा छान येतो हेही त्यांनीच आपण होऊन सांगितलं.

पहिले काही महिने सुसानाला स्वतःच्या चेहऱ्याची आठवण क्वचितच होई. ती अभ्यासात पुढे होती, अक्षर वळणदार होतं, आणि मिशनच्या शाळेत घोटून घेतलेलं तिचं मराठी इतकं शुद्ध होतं की घरी अहिराणी बोलणाऱ्या मुली तिच्याकडून निबंध तपासून घेत. मग तिचा पहिला सरावाचा पाठ आला. शेजारच्या शाळेत तिसरीच्या मुलांना तापी नदी शिकवायची होती. सुसानाने फळ्यावर नकाशा काढला, नदी निळ्या खडूने रंगवली आणि वर्गाकडे वळली. पहिल्या ओळीतल्या एका मुलीने शेजारणीला विचारलं, आणि तेही अगदी साध्या, चौकस आवाजात, "हाई बाई झाडाले उनी का?"

त्या मुलीचा काही दोष नव्हता. शाळा झाडणारी बाई सुसानासारखीच सावळी होती, सुसानासारखीच रानाकडून आलेली होती. मुलीने आपल्या माहितीवरून निष्कर्ष काढला होता.

मागच्या बाकावर वर्गाच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांनी शेऱ्याच्या कागदावर लिहिलं, 'पाठ उत्तम. छाप पडत नाही.' संध्याकाळी त्यांनी सुसानाला बोलावून प्रेमाने समजावलं. विषय येणं वेगळं आणि वर्ग हातात ठेवणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मास्तरणीच्या चेहऱ्यावर जरा तेज असावं लागतं, सुसाना."

मोठ्या बाईंना विद्येचं तेज म्हणायचं असेल. सुसानाने मात्र दुसऱ्या दिवसापासून नीट पाहायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सरावाच्या पाठाला निघण्याआधी प्रत्येक मुलगी कोपऱ्यात उभी राहून तोंडाला स्नोचं पांढरं मलम लावते आणि वरून पावडर फिरवते. त्या मुलींना कुणी झाडायला आल्या का म्हणून विचारत नव्हतं. तेव्हा खडू, डस्टर आणि स्नो ही तिन्ही अध्यापनाची साधनं आहेत, त्यातली पहिली दोन सरकार देतं आणि तिसरं आपलं आपण घ्यायचं असतं, असा तिने सरळ अर्थ लावला.

स्नो बाजारात दगाच्या दुकानात मिळे. दगा बांगड्या, फण्या, अत्तर असं बायकी सामान विकी आणि कुठल्या गिऱ्हाइकाशी किती बोलायचं हे त्याचं ठरलेलं असे. सुसानाशी तो फारसं बोलला नाही. तिने बोट दाखवलेल्या काचेच्या बरणीवरची धूळ पुसत तो एवढंच म्हणाला, "मुंबईना माल शे. भाव एकच."

तो भाव म्हणजे सुसानाच्या हाती येणारे जवळजवळ दोन महिन्यांचे पैसे. विद्यावेतनातून जेवणाचे पैसे आधीच कापले जात आणि तेल, साबण, पोस्टाचं तिकीट यांच्यासाठी दीड रुपया उरे. पण सुसाना घाबरली नाही. गळ्याच्या वर खर्च करायचा आणि गळ्याच्या खाली करायचा नाही, असं तिने ठरवलं. केस गळ्याच्या वर येतात, ही अडचण होती. पण केस पदराखाली झाकतात म्हणून तिने ते खालच्या खात्यात टाकले. त्यांना आईने पाठवलेलं मोहाच्या बियांचं तेल लागू लागलं. त्याचा वास उग्र, म्हणून ती रात्रीच तेल लावी आणि सकाळी रिठ्याने धुऊन टाकी, म्हणजे लावलं काय आणि न लावलं काय. अंगाला साबण बंद झाला. लुगडी नुसत्या पाण्यात आपटली जाऊ लागली. काजळ तिने एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं पातेलं धरून घरच्या घरी पाडलं आणि ते इतकं चांगलं पडलं की वाण्याच्या मुलीसुद्धा मागू लागल्या. ख्रिस्ती असल्यामुळे कुंकू ती लावतच नव्हती. धर्मामुळे एवढी बचत होते हे तिला आधी कधी जाणवलं नव्हतं.

तरी बरणी दूरच होती, आणि सरावाचा पुढचा पाठ नाताळानंतर लगेच होता. घरी जायचं तर गाडीभाडं, येताना पुन्हा गाडीभाडं. सुसानाने दोन दिवस विचार केला आणि आईला कळवलं की अभ्यास फार आहे, या नाताळाला येणं होणार नाही. त्याच संध्याकाळी ती दगाच्या दुकानात जाऊन बरणी आणि पावडरीचा लहान डबा घेऊन आली. तो डबा ठरलेल्या बेतात नव्हता. पण बरणी हातात आल्यावर नुसती बरणी नेणं तिला जमलं नाही. वाटेत तिने दोनदा झाकण उघडून वास घेतला.

नाताळाच्या तिसऱ्या दिवशी तिची आई सोमीबाई वसतिगृहाच्या दारात उभी राहिली. डोक्यावर नागलीच्या पिठाचं गाठोडं, हातात सुकटीची पुरचुंडी. मुलगी सणाला येत नाही म्हणजे नक्की आजारी आहे, असं तिने धरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटी गाडीत बसली होती. सुसाना त्या वेळी आरशासमोर स्नो किती लावायचा याचा सराव करत होती. सोमीबाईने लेकीचा पांढुरका चेहरा पाहिला, पुढे होऊन कपाळाला हाताची पालथी बाजू लावली आणि आपल्या बोलीत विचारलं की ताप कधीपासून आहे.

सुसानाने बरणी दाखवली. किंमत निम्मी करून सांगितली. मास्तरणीला हे लागतं, असंही सांगितलं. सोमीबाईने स्नोत बोट बुडवून हुंगलं आणि बोट लुगड्याला पुसलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे तू आजारी नव्हतीस."

त्या रात्री दोघी दाराजवळच्या चटईवर निजल्या. सकाळी सोमीबाई पीठ ठेवून निघून गेली. सुसानाला त्यानंतर काही दिवस बरणीचं झाकण उघडवलं नाही. पण पाठाचा दिवस आला आणि तिने उघडलं.

स्नोचा परिणाम झाला नाही असं नाही. पाठ दुपारचा होता, पत्र्याखालच्या वर्गात घाम फुटला आणि पावडरीवर ओघळ उठले. मुलं तिला आपसात 'चुनावाली बाई' म्हणू लागली. सुसानाने हे ऐकलं आणि त्यातला 'बाई' हा शब्द तिने मनाशी धरून ठेवला. मोठ्या बाईंनी शेरा लिहिला, 'प्रगती आहे.'

वर्षाच्या शेवटी सुसाना वर्गात पहिली आली. त्याच सुमारास पुण्याहून एक साहेब येणार असल्याचं कळलं. डोंगराळ जमातींतल्या एका मुलीला पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी खास शिष्यवृत्ती द्यायची होती आणि मोठ्या बाईंनी सुसानाचं नाव आधीच पाठवलं होतं. साहेब यायच्या दिवशी सुसाना पहाटे उठली. धुतलेलं पांढरं लुगडं नेसली. महिनोन्महिने नखाच्या टोकाने पुरवून वापरलेला स्नो त्या दिवशी तिने हात राखून वापरला नाही.

साहेब मराठीच होते, सज्जन होते, आणि शिष्यवृत्ती देण्याच्या इराद्यानेच आले होते. त्यांनी सुसानाला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वडील नवापूरला कोणत्या खात्यात आहेत, असं विचारलं. वडील भात लावतात आणि लाकडं तोडतात, असं तिने शुद्ध मराठीत सांगितलं. साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. गुणपत्रिका त्यांच्यासमोर होती. ती त्यांनी उलटी ठेवली.

"बाई, अहवालात फोटो जायचा आहे," ते म्हणाले. "वरच्या मंडळींना पटायला पाहिजे ना, की मुलगी रानातली आहे." मग ते सुसानाला म्हणाले, की संकोच नको, तुमचा नेहमीचा पोशाख करून या. सुसाना म्हणाली की नेहमीचा हाच. साहेब हसले. ती लाजते आहे असं त्यांना वाटलं.

मोठ्या बाई तिला तडक स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. तिथे दळण दळायला कालीबाई नावाची बाई होती, तळोद्याच्या वरच्या सातपुड्यातली. तिच्या गळ्यात चांदीची जाड हासळी, हातात वाक्या, पायात वाळे. सुसानाच्या गावात असे दागिने कुणी घालत नसे. त्यांची माणसं वेगळी, बोली वेगळी, सगळंच वेगळं. पण ते सांगायला वेळ नव्हता. मोठ्या बाईंनी दागिने आणि लुगडं तासाभरासाठी मागितलं. कालीबाईने जातं थांबवलं, थोडा विचार केला आणि आपली अट सांगितली. बदल्यात तिला पोरीचं पांढरं लुगडं हवं होतं आणि बरणीत उरलं असेल ते सगळं.

मोठ्या बाईंनी सुसानाचं तोंड स्वतःच्या हाताने धुतलं. कानामागे राहिलेली पावडरसुद्धा पदराने पुसली.

फोटोवाल्याने तिला आवारातल्या बाभळीखाली उभं केलं, हातात स्वयंपाकघरातला विळा दिला आणि हसू नका म्हणून बजावलं. ती सूचना त्याने दिली नसती तरी चाललं असतं. फोटो झाल्यावर साहेबांना तिची मातृबोली ऐकावीशी वाटली. काहीही बोला, म्हणाले. सुसानाने हासळीला हात लावला आणि आपल्या मावची बोलीत म्हणाली, "हे माझं नाही. यातलं काहीच माझं नाही."

"किती गोड," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

निघताना त्यांना स्वयंपाकघराच्या दारात एक पांढरं लुगडं नेसलेली, चेहरा उजळलेली बाई दिसली. इथल्याच कुणी शिक्षिका असाव्यात असं समजून साहेबांनी तिला नमस्कार केला. कालीबाईला काय करावं सुचेना. तिने पिठाचे हात पाठीमागे लपवले आणि जरा वेळाने, साहेब फाटकाबाहेर गेल्यावर, नमस्काराला नमस्कार केला.

त्या दुपारी सुसानाचा तिसरीवर पाठ होता. कपडे बदलून ती जेमतेम वेळेवर पोचली. चेहऱ्याला लावायला काही उरलंच नव्हतं. ती आत गेली तशी सगळी मुलं आपण होऊन उभी राहिली आणि पाठ संपेपर्यंत कुणी चुळबुळ केली नाही. सुसानाला आधी वाटलं, आपलं शिकवणं सुधारलं. मग पहिल्या ओळीतल्या त्याच मुलीने तिला सांगितलं, की साहेबाने बाईंचा फोटो काढला ना, आम्ही भिंतीवरून पाहिलं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. सुसाना दोन वर्षं पुण्याला राहून आली. तिकडे स्नो जरा स्वस्त मिळे आणि शिष्यवृत्तीत तो बसेही, एवढ्यावरून तिचं त्या शहराविषयी कायमचं चांगलं मत झालं. एकेचाळीस साली तिला नवापूर तालुक्यातच शाळा मिळाली. मुलं सगळी तिच्याच लोकांची होती. त्यांच्यावर छाप पाडण्यासाठी चेहऱ्याची गरज नव्हती, कारण बाई आपली बोली बोलतात हेच त्यांना नवलाचं वाटे. तरी सुसाना रोज सकाळी स्नो लावूनच शाळेत जाई. तोवर तिला तो आवडू लागला होता.

पहिला पगार झाला तेव्हा ती आईला नवापूरच्या बाजारात घेऊन गेली आणि म्हणाली, आज जे पाहिजे ते घे. सोमीबाईला वाटलं, लुगडं घ्यावं. मग वाटलं, कढई घ्यावी. प्रत्येक दुकानात ती वस्तू हातात घेई, किंमत ऐके आणि परत ठेवी. उन्हं कलली. सुसाना थकून गेली. शेवटी एका टपरीपुढे सोमीबाई थांबली आणि तिने गुलाबाच्या वासाच्या साबणाची वडी मागितली. टपरीवाल्याने सांगितलेली किंमत लुगड्याच्या मानाने काहीच नव्हती आणि साबणाच्या मानाने फारच होती. सोमीबाईने घासाघीस केली नाही. वडी कागदासकट कमरेला खोचली आणि घरी जाऊन कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली.

ती तिने कधी पाण्याला लावली नाही. गावात कुणाकडे लग्न असलं की सोमीबाई पेटीतलं, गुलाबाचा वास लागलेलं लुगडं काढून नेसे, आणि ती मांडवात आली की बायका जरा सरकून तिला आपल्याजवळ जागा करत.