फोटो हसरा हवा

टीव्हीवर बायकांचा टेनिसचा सामना संपला की जिंकलेली खेळाडू आधी बॅगेतून घड्याळ काढते, मनगटावर चढवते आणि मगच मुलाखतीला उभी राहते. मला बरीच वर्षं वाटायचं, बिचारीला विमान गाठायचं असेल. माझी लेक हसून लोटपोट झाली. म्हणाली, आई, ते घड्याळ कंपनीचं असतं, घालायचे पैसे मिळतात. तेव्हा मीही हसले होते. पुढे तीच लेक बक्षिसाच्या स्पर्धा खेळायला लागली आणि माझं हसू पळालं.

मी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कामाला आहे. तिच्या बाबांची शेती धर्माबादकडे. दोघांच्या कमाईत पोरीचं टेनिस बसवून पाहिलं, पण रॅकेटच्या तारा, बूट, गावोगावचा प्रवास, काही केल्या बसेना. शेवटी लातूरच्या एका साडीच्या दुकानदारानं हात दिला. बदल्यात तिच्या बाहीवर दुकानाचं नाव. तो कापडी तुकडा मीच शिवायची, आणि जरा तिरका वाटला की उसवून पुन्हा शिवायची. नावच वाकडं दिसलं तर शेटजींनी हात काढून घेऊ नये, एवढीच धास्ती.

ठरलं होतं ते वर्षापुरतं. वर्ष सरत आलं तेव्हा शेटजींनी दुकानाच्या नव्या मजल्याच्या उद्घाटनाला आम्हाला लातूरला बोलावलं. तिथं आणखी एक टेनिस खेळणारी मुलगी होती, लातूरचीच. ती बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत घरी जायची, पण मोबाइलवर तिचे रील जिकडेतिकडे. पोरगी गोड होती, तिला नावं ठेवायला मला काही सापडेना, आणि मी शोधलं नाही असं नाही. पैठणी नेसून, हातात रॅकेट धरून ती अशी उभी राहिली की गिऱ्हाइकांनी फोटोसाठी गर्दी केली. शेजारी माझी लेक, तशीच पैठणी, तशीच रॅकेट, पण बस चुकल्यासारखा चेहरा.

शेटजी माणूस वाईट नव्हता. चहा दिला, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका. तुमची लेक जिंकायली, हे खरं हाय. पर गिऱ्हाईक बाहीकडं बघत न्हाई, तोंडाकडं बघतंय. अन् पोरगी फोटोत कधी हासतच न्हाई."

पुढच्याच आठवड्यात लातूरला स्पर्धा होती. तिथं फोटोवाल्याला घेऊन येतो, मग पुढच्या वर्षाचं बघू, असं त्यांनी सांगितलं.

माझं माहेर देवणीकडचं. वडील बैल प्रदर्शनात न्यायचे. तिथं परीक्षक बैलाचं कपाळ बघायचे, कान बघायचे. औताला कसा चालतो हे कुणी विचारायचं नाही. शेटजींना सांगावंसं वाटलं की माझी लेक प्रदर्शनातली नव्हे. जिभेवर आलेलं गिळलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी. शेटजींना मी गाढव म्हणत नाही, पण म्हण तशी आहे त्याला मी काय करू?

परतताना बसमध्ये लेकीनं विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. वीस वर्षांची पोर, तिच्यापासून काय लपवायचं? ती म्हणाली, जगात पहिल्या नंबरची एक असते आणि जाहिरातीत दुसरीच जास्त दिसते, आपलं काय घेऊन बसलीस. एवढं शहाण्यासारखं बोलली, आणि दुसऱ्या दिवशी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून हसायची सवय करताना मला दिसली. मी भाकऱ्या थापायला गेले. पहिलीच भाकरी करपवली. कारण माझी लेक रागावर खेळते. सर्व्हिस करताना तिच्या कपाळाला आठी पडते, आणि आठी पडली की समोरचीचं काही खरं नसतं. ती आठीच गेली तर?

लातूरच्या स्पर्धेत ती उपांत्य फेरीत पोचली. शेटजी फोटोवाल्यासह कोर्टाबाहेरच्या कुंपणाशी येऊन बसले. पहिला सेट तिनं आठी घालूनच घेतला. फोटोवाला कॅमेरा मांडीवर ठेवून जांभया देत होता. दुसऱ्या सेटमध्ये तो उठून अगदी कोर्टाजवळ गेला. लेकीनं त्याला पाहिलं. पुढचाच चेंडू बाहेर गेला आणि ती त्याच्याकडे बघून हसली. मी हात जोडले खरे, पण देवाला मागू काय? ती हसू दे म्हणू, की जिंकू दे? एकीकडे हा सामना, दुसरीकडे पुढच्या वर्षाचे सगळे सामने. दुसरा सेट गेला. तिसरा अगदी शेवटपर्यंत ताणला, आणि शेवटी तिच्या दोन्ही सर्व्हिस जाळ्यात गेल्या. सामना हरली. समोरच्या मुलीशी हात मिळवला आणि बाहेर आली.

दोन दिवसांनी शेटजींचा फोन आला. आवाजातच खुशी होती. पुढचं वर्ष पक्कं, फोटो लई झकास आलाय, नांदेडच्या शाखेवर मोठा फ्लेक्स लावलाय, येऊन बघा म्हणाले. फोन ठेवल्यावर मला भूक लागली. कित्येक दिवसांनी लागली होती.

संध्याकाळी आम्ही दोघी ऑटोनं गेलो. दुकानावर माझी लेक दोन मजले उंच, दात दाखवून हसत होती. फ्लेक्सवाल्यानं तिला चांगली गोरीही केली होती, पण मी तिकडे काणाडोळा केला.

"किती गोड आलीस गं," मी म्हणाले.

तिनं मान वर करून फ्लेक्स पाहिला.

"आई, शेवटची सर्व्हिस जाळ्यात गेली ना, तेव्हाचा हाय हा."

असं म्हणून ती माझ्याकडे वळली आणि हसली. तिला जन्म दिल्यापासून पहिल्यांदाच, ते हसू खरं की खोटं, मला ओळखता आलं नाही.