ए ए आय कंपनीची तक्रार

परदेशातल्या माझ्या मुलाचा फोन आला. म्हणाला, "आई, ईमेलवर एक महत्त्वाचं पत्र येईल. नीट वाच आणि लगेच उत्तर दे." कसलं, कशाबद्दल, काही नाही, ठेवला की फोन मेल्यानं! एकुलता एक पोरगा. मला घडीभर चैन पडेना. नोकरी गेली असेल? आजारी असेल? का तिकडेच कायमचा राहतोय? शाळेत भूगोल शिकवताना पांझरेच्या जागी भलतीच नदी काढून बसले.

साल नव्व्याण्णव. देवपुरात आमच्या गल्लीच्या टोकाला टायपिंग क्लासवाल्या भाऊंनी नुकतंच इंटरनेट आणलं होतं. शाळा सुटली की मी पिशवीसकट थेट तिथं. माझा ईमेल उघडावा तर आत हा ढीग! केस उगवायचं औषध, लॉटरी, कर्ज, आणि नको त्या बायकांची आमंत्रणं. भाऊ बिचारे मान फिरवून म्हणत, "अक्का, हाऊ बठ्ठा कचरा शे. फेकी द्या."

नुसतं फेकून माझा राग जाईना. जागा भरली की मुलाचं पत्र बाहेरूनच परत जाईल, असं भाऊच म्हणाले होते. शेवटी त्यांनी दाखवलं, की पाठवणाऱ्याची तक्रार करता येते. झालं! माकडाच्या हाती कोलीत. ज्याच्यावर मुलाचं नाव नाही ते उघडायचंही नाही, सरळ तक्रार ठोकायची. त्यात एक बाई फारच चिवट निघाली. नाव इंग्रजी, विषयाच्या जागी हॅलो आणि तीन ठळक अक्षरं: ए, ए, आय. असेल एखादी कर्जवाली कंपनी. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा "एकदा सांगून कळत नाही का गं भवाने?" असं मोठ्यानं म्हणत मी तक्रारीत चार शब्द जास्तच लिहिले. ही बाई लबाड आहे, लोकांना छळते.

दोन आठवड्यांनी मुलाचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "मी जिच्याशी लग्न करतोय ना, तिला तुला स्वतः सांगायचं होतं. तीनदा लिहिलं तिनं. तुझ्या तक्रारीनं तिचं खातंच बंद झालं."

"अरे, मला काय ठाऊक? ती कुठली ए ए आय कंपनी..."

तो म्हणाला, "तिनं 'आई' लिहिलं होतं गं. मीच शिकवलं होतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्याच दिवशी माफीचं पत्र लिहून टपालानं पाठवलं. तिचं उत्तरही आलं, चांगलं दोन पानी.

लग्नानंतर दोघं धुळ्याला आली. पोर गुणाची, हौसेनं खापरावर पुरणपोळी टाकायला बसली, बोटं भाजली तरी उठली नाही. माझ्या यजमानांना पहिल्या दिवसापासून बाबा म्हणाली. मला मॅडम म्हणते, अजूनही. आणि "आई म्हण गं" असं मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?