मुखवट्याच्या कानामागची चीर

वासंतीमॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टँडवर होते. बस सोडून दिली, पण मग जायचं कुठं तेच सुचेना... तीन आठवडे झाले, अजून एका जागी बसवत नाही.

वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा त्या राखत. मी त्यांच्या हाताखाली. दिवसभर दालनांतून फिरणाऱ्या मॅडम कोरोनात घरात अडकल्या, कारण त्यांना दमा होता. नेमका तेव्हाच चंदगडकडच्या गावडेकाकांचा, प्रदर्शनासाठी मागून आणलेला लाकडी मुखवटा परत करायचा होता. "पावसाच्या आत द्या की," काका सारखे म्हणत.

मग दालनात मी एकटी, आणि समोर मोबाइलच्या पडद्यावर मॅडम. "हातमोजे बदल. खालून आधार दे गं, कानाला धरू नकोस..." मऊ कागदात गुंडाळताना कानामागं केसाएवढी चीर दिसली. आणतानाच्या फोटोंत ती बाजूच नव्हती.

"मॅडम, कुणाच्या लक्षात यायचं नाही," मी म्हटलं.

त्या उठून येरझाऱ्या घालू लागल्या; पडद्यावर नुसती भिंत. मग आवाज आला, "नोंद कर. आपल्याकडं असताना दिसली, असं लिही. काकांना मी सांगते."

गाडीवाल्यानं खोकं काकांच्या पडवीत ठेवलं. कोरोनामुळं चार दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. त्या चार दिवसांत मॅडमनी मला किती फोन केले असतील! अखेर रेंज मिळते म्हणून काकांनी काजूच्या बागेत, व्हिडिओ कॉलवर आमच्यासमोर खोकं उघडलं. चिरेवरून बोट फिरवलं. "माझ्या आज्यानं घडवलाय ह्यो," एवढंच म्हणाले, आणि फोन बंद केला.

मॅडम पुन्हा तो विषय बोलल्या नाहीत. चीर माझ्याच हातून पडली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही... आता तर विचारायलाच कुणी नाही.

परवा काकांना कळवायला फोन केला.

"व्हय?... तरीच यंदा फोन आला न्हाय."

"कसला फोन?"

"दरसाल पाऊस सरला की बाई इचारायच्या, चीर वाढली काय. पैल्या साली मी लई बोललो त्यांस्नी. तरी फुडल्या साली फोन आलाच. मग मीच वाट बघाय लागलो."

मी मग विचारलं, "काका, वाढलीय काय?"

"थांब पोरी, बघून सांगतो," म्हणाले, आणि फोन चालू ठेवूनच आत गेले.