घरी न गेलेले शिंपी

“शिंप्यांना खायला घातलं का, ते सांग आधी!” मिलिंद ओरडत होता. ओरडत म्हणजे... सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन पडलेला माणूस ओरडेल तेवढं. दोन शब्द, मग धाप, मग पुन्हा दोन शब्द. मी म्हटलं, “घातलं. ढेकर देतायत.”

ती थाप होती. मिलिंदला जाऊन दीड महिना झाला, आता लपवून कुणाचं भलं होणार आहे?

शिंपी म्हणजे त्याच्या पेशी. नागपूरचा हा गडी इथे परदेशात एका लॅबमध्ये फुप्फुसांवर संशोधन करायचा. मी पुण्याचा कॉम्प्युटरवाला. मला त्याने तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टिश्यू पेपरवर चित्र काढून समजावलं होतं. जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी शिंप्यांसारख्या येतात, फाटलेलं शिवतात, काम संपलं की जातात. काही फुप्फुसांत त्या जातच नाहीत. टाक्यावर टाका घालत राहतात, आणि मऊ फुप्फुसाचं गोणपाट होतं. या शिंप्यांना घरी पाठवणारं औषध तो शोधत होता, आणि त्याला झालं ते नेमकं हेच. वर्षभर कोरडा खोकला. इथल्या आमच्या मराठी ग्रुपातल्या अर्ध्यांनी एसीला शिव्या दिल्या, उरलेल्यांनी अडुळसा पाजला. मी तर माझ्या आजोबांच्या खोकल्याने सिंहगडावरची माकडं कशी पळाली ते रंगवून सांगितलं. तो हसला, हसताना आणखी खोकला. एवढ्या मोठ्या तज्ज्ञाने स्वतःचा स्कॅन काढला तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टर स्पष्ट म्हणाले, नागपूरला जायचं तर महिन्याभरात जा, पुढे विमानात बसता येणार नाही. तिकडे आई वाट बघत होती. पण लॅबमध्ये काचेच्या प्लेटांत वाढवून त्याने औषध घातलेल्या पेशींना दर दोन-तीन दिवसांनी ताजं अन्न घालावं लागतं. ते काम ली नावाची सहकारी करत होती, आणि शेवटचं निरीक्षण झाल्याशिवाय हा हलायला तयार नव्हता. बोलताना दम लागायचा म्हणून त्याचे फोन मी घ्यायचो. एका सकाळी ली इथल्या लोकांच्या लकबीत म्हणाली, “सॉरी लाह, प्लेट्स फेकून दिल्या. दुसऱ्या प्रोजेक्टला जागा हवी होती. तुम्ही सांगाल त्यांना?”

सांगणारच होतो. वळलो, तर तो माझ्याकडेच बघत होता. “काय म्हणते बे?”

“शिंपी ढिले पडलेत म्हणे,” माझं तोंड बोलून गेलं. “दोघांनी तर पिशव्याही भरल्या.”

“थापा नको मारू बे,” तो म्हणाला, पण चेहरा असा उजळला की... मग मी रोज नवी बातमी आणायला लागलो. आज दहा निघाले, आज पन्नास. तो म्हणायचा, “अजून आठवडा थांबतो. काम पुरं करूनच आईसमोर उभा राहतो.” मला वाटायचं, मीच त्याला जगवतोय. खरं तर त्याचं उतरलेलं तोंड मला बघवलं नसतं, इतकंच. महिना उलटला. विमान राहिलं, मग खोलीतून खोलीत जाणंही. आईने त्याला शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर.

परवा त्याच्या बायकोला, सुजातावहिनींना, सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो. त्या त्याच्या शर्टांच्या घड्या घालत होत्या. हात थांबले नाहीत.

“नागपूरचं तिकीट मी तीनदा पुढे ढकललं, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “त्यांचं उतरलेलं तोंड मलाही बघवलं नसतं.”