गाडी हलते की हात

चिंचोटीजवळ मोठ्या दिरांचं सिमेंट-खडीचं दुकान आहे. त्यांच्या पिकअपवर आमचे हे ड्रायव्हर होते. सख्खे भाऊ, पण संध्याकाळी चावी दादांच्या हातात द्यावी लागायची.

भरलेली गाडी हायवेच्या पुलाच्या सांध्यावरून आपटली की स्टेअरिंग असं पिसाळायचं की दोन्ही हातांनी धरवत नसे. गाडी पार हळू केल्यावरच ते शांत व्हायचं. नंदाखालला माल टाकताना मला माहेरी सोडत होते, तेव्हा ते माझ्यासमोर झालं. ह्यांचा अंगठा स्टेअरिंगमध्ये अडकून मुरगळला.

दादांनी टायरचं बॅलन्सिंग करून घेतलं आणि रिकामी गाडी चालवून पाहिली. काही हललं नाही.

"गाडी ठणठणीत आहे. तुझेच हात हलतात. घेतोस का रे?"

मी डबा द्यायला दुकानात आले होते. हे कधीच पीत नाहीत. तरी दादांनी हमालांसमोर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास ह्यांच्या हातात दिला. "हात लांब कर. सांडलं तर चावी ठेवायची."

ह्यांना दुसरं काम येत नाही. अंगठा सुजलेला. पाणी सांडून बाहीत गेलं.

"शेठ, अजून भरा, अंघोळ उरकू दे," एक हमाल म्हणाला. सगळे हसले. हेही हसले. ते मला बघवेना.

दादांसमोर मी कधी मान वर करून बोललेली नाही. त्या दिवशी म्हटलं, "मी गाडीत होते. स्टेअरिंगच हलत होतं. खालून नीट बघायला सांगा."

"घ्या! चौथी पास मेकॅनिक!"

बॅलन्सिंगचे पैसे न्यायला आलेला गॅरेजवाला तिथेच होता. "बघायला काय जातंय, शेठ?" म्हणत तो गाडीखाली शिरला. "कोणीतरी स्टेअरिंग डावी-उजवी हलवा."

"हिलाच बसवा वर, फार कळतंय," दादा म्हणाले.

मी चढले. स्टेअरिंग चार बोटं फिरलं तरी पुढचे टायर जागचे हलेनात. खालून आवाज आला, "थांबा, थांबा. स्टेअरिंगच्या दांड्याचा जॉइंट पार गेलाय, खुळखुळतोय नुसता. दणका बसला की लटपटणारच. कोणीही चालवली असती तरी हेच झालं असतं."

हमाल पोत्यांकडे वळले. मी काचेतून ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, वाचलो.

"टाक नवा," दादा म्हणाले. मग ह्यांच्याकडे वळले. "उद्यापासून माझा मेहुणा चालवेल."

"पण दादा, आता तर..."

"चार माणसांत बायकोला माझ्यासमोर बोलायला लावतोस? पोती उचलायला ये."

"बरं," हे म्हणाले.

घरी मी मिठाचं पाणी गरम करून अंगठा शेकायला घेतला. ह्यांनी हात ओढून घेतला.

"हसून विसरले असते सगळे. दादा पण विसरला असता. तुला कोणी विचारलं होतं?"

आता हे पोती चढवतात आणि मेहुणा वर बसून हॉर्न मारतो. घरी आल्यावर माझ्याशी एकच शब्द बोलतात, "वाढ." मी वाढते.