तीर्थ डोळ्यांना लावलं तेव्हा

गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली तेव्हा मी देवावर चिडलेच होते. माझी मनू जेमतेम दोन वर्षांची. थायरॉईडच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार चार, असं डॉक्टर समजावत होते. पॅपिलरी सगळ्यांत जास्त आढळतो आणि बहुतेकदा सावकाश वाढतो, फॉलिक्युलर त्याच्याच जवळचा. मेड्युलरी वेगळ्या पेशींतून होतो, कधी घराण्यात उतरतो. अ‍ॅनाप्लास्टिक क्वचितच होतो, पण झपाट्याने पसरतो. ‘घराण्यात’ म्हटल्याबरोबर मी मनूला छातीशी धरलं. माझा निघाला पॅपिलरी. ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन घ्यायचं होतं, आणि मग काही दिवस मनूला जवळ घ्यायचं नव्हतं.

ऑपरेशन पार पडलं. उरलेल्या पेशींनी ते औषध नीट शोषावं म्हणून आधी जेवणातलं आयोडीन तोडायचं होतं. डॉक्टरांनी बरंच सांगितलं, माझ्या डोक्यात ‘मीठ बंद’ तेवढं राहिलं. मग म्हटलं, उपासच धरते, रामालाही पोचेल. दूध, दही, केळी यांवर राहिले. मनूला सवय व्हावी म्हणून आत्तापासूनच सायखेड्याला आईकडे ठेवलं. तिची दुपटी हुंगत मी घरभर फिरायचे. फोनवर ती ‘आई, ये’ म्हणाली की जीव तुटायचा.

एका सकाळी पंचवटीत रामाच्या देवळात गेले. पुजाऱ्यांनी हातावर पंचामृत घातलं, तोच शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरलं. माझ्यासारखाच व्रण त्यांच्याही गळ्यावर होता.

“ताई, आयोडीन घेतलं का अजून घ्यायचंय?”

“पुढच्या आठवड्यात आहे.”

“मग दूध-दही नाय चालत. त्यात बी आयोडीन राहतं.”

“अहो, मी तर उपास म्हणून दुधावरच आहे!”

त्यांना हसू आलं. “उपास पोचला देवाला. आता डॉक्टरला फोन करा.”

तीर्थाला नाही कसं म्हणायचं? माझी घालमेल ओळखून त्याच म्हणाल्या, “डोळ्यांना लावा.” मी लावलं आणि रडले. डोळे पुसेपर्यंत त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

डॉक्टर रागावले, तारीख पुढे ढकलली, पथ्य नव्याने सुरू झालं. “देवालाच गंडवायला निघाली होतीस,” नवरा म्हणाला. पण त्या वाढीव दिवसांत मनूला घरी आणता आलं, पोटाशी घेऊन झोपता आलं. न मागताच मिळालं ते.

औषध घेताना मी कुठलाच नवस बोलले नाही. म्हटलं, रामा, माझ्या मनाने केलं ते चुकलं, आता तू ठेवशील तसं. औषधानंतर बंद खोलीत एकटीने काढायचे ते दिवस मात्र सरता सरेनात. त्या बाईंचं नाव राहूनच गेलं, दिवा लावताना त्यांनाही हात जोडते. जवळ घ्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी मनू रुसून पाठ करून बसली. मी नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने न बघताच माझं बोट धरलं.